मंडपाचा हिरवा रंग

रविवार, १२ मार्च

प्रिय गुंड्या,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझा खोकला गेला का? बायकोचं ऐकत जा, ती माझ्यापेक्षा कमी ओरडते.

बागेतल्या मंडपाची पाहणी झाली. नवा रस्ता बागेच्या मधून जाणार म्हटल्यावर आम्ही अर्ज केला होता, की बाबांनी जिथं आयुष्यभर दर रविवारी बँडमध्ये ट्रंपेट वाजवला, तो मंडप जुन्या वास्तूंच्या यादीत घ्या. यादीत आला तर रस्त्याला वळसा घ्यावा लागेल, मंडपही राहील आणि बागही.

पाहणीला वरच्या कार्यालयातल्या बाई येणार कळल्यावर बाबांनी काय केलं असेल? पाहुणा येणार म्हटलं की त्यांच्या हातात रंगाचा डबा. तुझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा ओल्या दाराला टेकले आणि हिरवा कोट घेऊन घरी गेले, आठवतं ना? तसंच झालं. बँडमधल्या दोन म्हाताऱ्यांना हाताशी धरून बाबांनी बिडाच्या खांबांना, कठड्याला, नक्षीला झकास हिरवा ऑइलपेंट फासला. चौथऱ्याच्या भेगांत सिमेंट भरलं. मी शेजारी डबा धरून उभी, वर कसा नटलाय म्हणून कौतुक करतेय.

बाईंनी खांबावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा तर अलीकडचा दिसतो, यात जुनं काम कुठं आहे? बाबा खूश. त्यांना वाटलं, कामाची तारीफ झाली. घरी जेवताना मी सांगितलं, की जुनं काम रंगाखाली झाकलं गेलं, आता मंडप यादीत येणं कठीण, तेव्हा त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला रडू आवरेना.

बाईंचा अहवाल आता तुझ्याच कार्यालयात येईल.

गुंड्या, इतका वेळ मी आडवळणानं लिहितेय. नव्या रस्त्याची बागेतून जाणारी ती रेघ नकाशावर तूच आखलीस, हे मला केव्हाच कळलं होतं. बाबांना सांगायचा धीर झाला नाही. लाडका पोरगा, ऐकून खचतील असं वाटलं.

काल सकाळी ते खरवडायचा पत्रा आणि पॉलिशपेपर घेऊन निघाले. मी दारात आडवी आले, आता काय उपयोग म्हटलं. ते चपला घालत शांतपणे म्हणाले,

"माझी चूक मी खरवडतो. त्याची तो बघेल. नकाशा आधी पेन्सिलनंच काढतात ना?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मीही चपला घातल्या आणि त्यांच्यामागे गेले.

दिवसभरात एक खांब मोकळा झाला. दुसरी पाहणी मागवणं तुझ्या हातात आहे. त्यासाठी हे पत्र नाही, असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मागव रे. तोवर आम्ही बाकीचे खांब उघडे करतो.

तुझ्यावर रागवायला बसलेली आणि ते न जमलेली,
ताई