तोंडी परीक्षा

वसमत
एप्रिल २०००

प्रिय सपना,

बारावीला तू गणित समजावलंस म्हणून मी पास झाले. मग तू औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलीस आणि मी नांदेडला आर्ट्सला. मला मार्क कमी पडले असतील, असं गल्लीत लोक बोलायचे. मलाही तसंच वाटायचं. वर्गात मी भिंतीकडच्या बाकावर बसायचे. नाव पुकारलं की वहीत तोंड खुपसायचे.

यंदा आम्हाला भाषाविज्ञान आहे. पद्मजा मॅडमनी एकदा फळ्यावर 'येऊन राहिलो' असं लिहिलं आणि विचारलं, "घरी असं कोण बोलतं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझा हात कसा वर गेला, मलाच कळलं नाही. सगळे हसतील असंच वाटलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, "मग इथं ये. कधी असं म्हणतात, कधी म्हणत नाहीत, आम्हाला सांग." तास संपला तरी मी बोलतच होते. सपे, त्या दिवसापासून मी पुढं बसते. एका दिवसात काही मी हुशार झाले नाही गं. मला कुणीतरी विचारलं.

तुझ्याकडं उलटंच झालं. सर्किट तू बरोबर जोडलं होतंस, उत्तरही येत होतं. पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर "व्हय सर, करंट येऊन राहिला" असं तोंडून गेलं. ते हसले, मागची पोरंही हसली आणि तू परीक्षा अर्धी टाकून गावची एसटी धरलीस. एवढं तुझ्या आईला, चांगुणामावशीला, सांगितलंस आणि मग बोलणंच सोडलंस.

मी दोन घरं सोडून राहते, तरी पत्र लिहितेय, कारण काल तुझ्या खोलीचं दार किती वाजवलं, तू उघडलं नाहीस. मावशी रडत म्हणाली, "तिला तुझ्यासंगं आर्ट्सला घे. तिथं कुणी हसून न्हाई राहिलं." मी तसं काही सांगणार नाही. आवडतं म्हणून आलीस तर माझ्या शेजारी जागा धरीन, पण पळून येऊ नकोस. हरिचंदकाकांच्या एसटीडी बूथवर तुझ्या रूममेटचा फोन आला होता. तुमच्या सरांनी सोमवारी पुन्हा तोंडी परीक्षेला बोलावलंय. मी सोबत येते, वर्गाबाहेर बसते. हसले तर हसू दे, तू उत्तर पूर्ण कर. हे पत्र दाराखालून सरकवून मी इथंच तुमच्या ओट्यावर बसणार आहे. मावशीनं चहा टाकलाय. दार उघड.

तुझीच,
आकांक्षा