राखुंडीचे खरे वजन

१२ मार्च, गुरुवार

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इकडील सर्व क्षेम आहे असे आरंभी लिहिण्याचा प्रघात आहे. या खेपेस तो पाळता येत नाही, हे तुला आत्याआजीच्या १० तारखेच्या पत्रावरून कळलेच असेल. ते पत्र पेटीत टाकण्यापूर्वी तिने मला दाखवले नाही. टाकल्यानंतर त्यातील मजकूर मोठ्या समाधानाने सांगितला. माझ्या धाकट्या बहिणीचा हेतू नेहमी चांगला असतो. तपशील तसा नसतो. म्हणून हे पत्र.

प्रथम, ढब्बू ही ‘आपली थोरली उंदरी’ नव्हती. ती चिंचिला होती. हा मऊ केसांचा प्राणी उंदराचा दूरचा नातलग असला, तरी नातलगाच्या नावाने कोणी कोणास हाक मारत नाही. आत्याआजीस तिच्या थोरल्या दिराच्या नावाने हाक मारली तर तिला ते चालेल काय?

दुसरे, ढब्बू मंगळवारी दुपारी नव्हे, तर सोमवारी, ९ तारखेस, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गेली. पेपर वाचताना मी खेकसलो म्हणून ती दचकून गेली, हेही खरे नाही. त्या वेळी पेपर आलाच नव्हता. प्राण्यांच्या डॉक्टरांच्या मते बारा वर्षे चाललेले ते हृदय थकले होते, इतकेच.

तिसरे, तिला बुटांच्या खोक्यात पुरलेले नाही. खोके आत्याआजीने पुढे केले होते. त्यावर ‘एक जोड’ असे छापलेले होते आणि ते मला योग्य वाटले नाही. ज्या वेताच्या टोपलीत ढब्बू आणि राखुंडी या दोघी बहिणींना आळीपाळीने बसवून मी दर रविवारी वजन करीत असे, त्या टोपलीत तिला मागच्या कुंपणालगत ठेवले.

चौथे, सोमवारी त्या दुपारी मी रडलो नाही. चष्म्यावर चहाची वाफ आली होती.

आता मुख्य चिंता राखुंडीची. ती ढब्बूच्या कोपऱ्यात ढब्बूसारखीच पाठ करून बसते. धुळीच्या भांड्यात लोळून अंग स्वच्छ करणे हा या प्राण्यांचा सर्वांत मोठा आनंद. सोमवारपासून तिने त्या भांड्याकडे पाहिलेले नाही. रविवारी ८ तारखेस तिचे वजन पाचशे चाळीस ग्रॅम होते. मंगळवारी चारशे पंचाहत्तर भरले, आज चारशे त्र्याहत्तर. गवत खाते, दाणे खाते, तरीही ही घट. साडेचारशेच्या खाली गेल्यास जिवास धोका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आकड्यांविषयी शंका घेऊ नकोस. मी अडतीस वर्षे वजनमापे निरीक्षक होतो.

प्रकृतीस जप. तिकडची थंडी आकड्यांत कळव.

तुझा,
आजोबा

---

१५ मार्च

ती. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पाण्याच्या टाकीवर बसून वाचलं. आमच्या या डोंगरावरच्या हवामान केंद्रात मनसोक्त रडायला तेवढीच एक जागा आहे, आणि फोनला रेंजही तिथेच येते. पण तुम्हाला फोन केला की तुम्ही बोललेलं लेखी पाठवायला सांगता, म्हणून सरळ लिहितेच.

ढब्बू मला शाळेतल्या आठवीच्या परीक्षेआधी मिळाली होती. माझी अर्धी वही तिने खाल्ली होती, आणि गुरुजींनी ते कारण मान्य केलं नव्हतं. नोकरीसाठी इकडे येताना मी दोघींना तुमच्याकडे सोडलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की घरात ठेव, पण मी त्यांना हात लावणार नाही. दर रविवारी वजन कोण करत होतं मग? आत्याआजी?

आजोबा, एक विचारू का? चहा तर तुम्ही चार वर्षांपूर्वीच सोडलात ना?

असो. खरं बोलायचं तर मला राखुंडीची फार भीती वाटते. त्या दोघी जन्मापासून एकमेकींच्या अंगावर झोपल्या आहेत. खात असूनही वजन उतरतंय, म्हणजे ती झुरतेय. आमच्या वरिष्ठ बाईंकडे तीन चिंचिला आहेत, आणि इथली थंड हवाही यांना मानवते. मी २९ तारखेला, रविवारी, येते आणि राखुंडीला इकडे घेऊन जाते. तुम्हाला वाईट वाटेल हे कळतंय, पण ती एकटी राहून गेली तर मी स्वतःला माफ करणार नाही. तोवर तिला सांभाळा. आणि आत्याआजीशी भांडू नका, ती मला सगळं कळवते.

इकडे पहाटे शून्याखाली दोन. आकडा केंद्राच्या नोंदीतला आहे, शंका नको.

तुमची लाडकी आणि तपशिलात कच्ची,
बबडी

---

२० मार्च

चि. बबडे,
खूप खूप आशीर्वाद.

मी आता जे लिहितेय ते दादाला दाखवणार नाही, म्हणजे मला मोकळेपणाने लिहिता येईल.

तुझं पत्र आलं तेव्हापासून दादा काट्यापाशीच घुटमळत होता. काल सकाळी राखुंडी चारशे एकाहत्तर भरली आणि त्याचा धीर सुटला. तिला शालीत गुंडाळून आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला त्यांच्या काट्यावर ठेवलं, तर पाचशे छत्तीस! बाई म्हणाल्या, हिला काहीच झालेलं नाही. आता एखाद्याला आनंद झाला असता. आमच्या दादाने कोटाच्या खिशातून लाकडी पेटी काढली. तीच गं, त्याची पितळी वजनं! म्हणाला, बाई, तुमचा काटा सदोष आहे, मला तपासावा लागेल. बाकावर पोपटवाली बाई, कुत्रेवाले गृहस्थ, सगळे बघताहेत, आणि हा एकेक वजन चिमट्याने उचलून काट्यावर ठेवतोय. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पोपटसुद्धा गप्प.

काटा ग्रॅमला ग्रॅम बरोबर निघाला. दादाने पेटी मिटली आणि माफी मागितली.

घरी येऊन मी विणकाम काढायला गेले, तर माझी लोकरीची टोपली गायब. सापडली कुठे? वजनाच्या काट्याशेजारी. मी विचारलं, दादा, ही केव्हापासून? म्हणाला, जुनी टोपली ढब्बूबरोबर गेली, म्हणून ही. मी आपली सहज ती काट्यावर ठेवली. दोनशे पंचेचाळीस. आणि दादा वजा करत होता जुन्या टोपलीचे तीनशे दहा, इतके दिवस! बबडे, मी हसणार होते. इतक्या वर्षांनी सापडलेली चूक, मी का सोडू? पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुया घेऊन आत गेले. तो मागच्या कुंपणापाशी जाऊन बराच वेळ उभा होता.

हल्ली तो पिंजऱ्यापाशी स्टुलावर बसून राखुंडीला पेपर वाचून दाखवतो, चुका सुधारत. ती कान टवकारून गवत चघळते. तू तिला नेलीस तर तो पेपर मला वाचून दाखवेल. तेव्हा तिला न्यायचंच असेल तर मलाही ने.

बाकी तू सुज्ञ आहेस, स्वेटर लवकरच पाठवते (टोपली परत मिळाली की),
आत्याआजी

---

२३ मार्च, सोमवार

चि. बबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

हा मसुदा चौथा आहे. पहिले तीन लांबले, कारण त्यांत मी कारणे देत होतो.

रिकाम्या भांड्याचे वजन आधी पाहून मगच वस्तू तोलावी, हा वजनमापांचा पहिला नियम. नोकरीत मी किती दुकानदारांना त्यावरून धारेवर धरले असेल, याची गणती नाही. एकजण म्हणाला होता की साहेब, घरात दुःख झाले होते, ध्यानात राहिले नाही. मी त्याला म्हणालो की काट्यास दुःख कळत नाही. त्याचे दुकान आता नाही, अन्यथा जाऊन आलो असतो. आत्याआजीने चूक शोधली आणि ती माझ्यासमोर हसली नाही. हे तिच्या खाती नोंदवून ठेवावे. तिची टोपली काल परत केली.

राखुंडीचे वजन उतरलेले नव्हते. हे कळताच तुझे न्यायचे कारण संपले, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. ते मी खोडले. वजन शाबूत असले तरी ती ढब्बूच्या कोपऱ्यातच बसते, हे मला रोज दिसते. तिला सोबत हवी हे तुझे म्हणणे रास्त आहे. माणसाने वाचलेल्या पेपरावर ती किती काळ भागवील?

परंतु काल सकाळी पुढील गोष्ट घडली. धुळीच्या भांड्यातील धूळ ओलसर तर नाही ना, हे पाहण्यासाठी मी त्यात हात घातला. राखुंडी कोपऱ्यातून उठली, माझ्या मनगटावरून चढून भांड्यात उतरली आणि माझा हात आत असतानाच चार वेळा लोळली. माझा कोट, चष्मा आणि अग्रलेख राखाडी झाला. आत्याआजी म्हणाली की दोघांपैकी प्राणी कोणता हे कळेना. तिच्या या विधानात मला दुरुस्ती सुचवायची नाही.

म्हणून माझी विनंती अशी. २९ तारखेस अवश्य ये. तुझ्या वरिष्ठ बाईंची हरकत नसेल, तर त्यांच्या तिघींपैकी एखादी सोबत आण. डॉक्टरीणबाई म्हणतात की आधी दोन पिंजरे शेजारी ठेवावे आणि जाळीतून ओळख होऊ द्यावी. दुसरा पिंजरा मी घासून, पुसून, मोजून ठेवला आहे. येताना काय हवे ते घेऊन ये. जाताना राखुंडीला नेऊ नकोस.

लोभ आहे हे ठाऊक आहे. तरी भेटीत मोजून पाहू.

तुझा,
आजोबा

ता. क. आजवरच्या पत्रव्यवहारातील नोंदी येणेप्रमाणे दुरुस्त कराव्या :

१० मार्च ते १९ मार्च : राखुंडीची दहाही वजने चुकीची. प्रत्येकात पासष्ट ग्रॅम मिळवावे.

१९ मार्च : दवाखान्यातील काटा निर्दोष. निरीक्षक सदोष.

२२ मार्च : राखुंडीची धूळ-आंघोळ, सकाळी सात वाजून पाच मिनिटे. वजन पाचशे एकोणचाळीस, टोपली वगळून. टोपली दोनदा तोलली.

दोन वर्षांपूर्वीचा १ जून : ‘मी त्यांना हात लावणार नाही’ हे माझे विधान त्याच वर्षीच्या ३ जूनपासून रद्द समजावे.

९ मार्च, दुपार : ही नोंद क्रमाने आधी यावयास हवी होती. शेवटी आली आहे, तशीच राहू द्यावी. चहा नव्हता.