सगळ्यांच्या वहीतली एकच आई

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे). तुझं ब्लडप्रेशर आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे मी उत्तम. पार्लर सुनेच्या हवाली केल्यापासून हाताला चाळा नव्हता, म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत शाळा सुटल्यावर मुलांचा गृहपाठ करून घेतात, तिथे जायला लागले. शिकवायचा अनुभव आहे का, असं वाचनालयाच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बोलक्या बायकांची तोंडं मी उभा जन्म एका जागी स्थिर ठेवली आहेत, पोरांचं काय घेऊन बसलात. (त्यांनी लगेच खडू माझ्या हातात दिला.)

पहिल्याच आठवड्यात ‘माझी आई’ हा निबंध आला. पोरं पेन्सिली चावत बसली होती, आणि मला रिकामं बसलेलं माणूस बघवत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि नमुना म्हणून आपली आई सांगितली, घडाघडा. तिला दमा आहे तरी ती मोठ्यांदा गाते, सकाळी शेजारणीशी भांडते आणि संध्याकाळी तिच्याचकडे चहाला जाते, वगैरे. निबंध इतका रंगला की माझे मलाच डोळे पुसावे लागले. पोरांनी मात्र ‘नमुना’ हा शब्द काही ऐकला नाही. सगळ्यांनी तुझी-माझी आई जशीच्या तशी स्वतःची म्हणून उतरवून घेतली.

शाळेतल्या बाईंनी वह्या तपासल्या आणि घाबरून घरोघरी फोन केले, तब्येत कशी आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळ्या आया वाचनालयाच्या दारात. सर्वांत पुढे लाँड्रीत इस्त्री करणारी एक होती. ती म्हणाली, “मला दमा नाही. आणि शेजारणीशी मी बोलतच नाही, तर भांडू कशी?” मी म्हटलं, अहो, निदान वाचून तर बघा, भाषा कशी उतरली आहे. वही तिने न उघडताच माझ्यापुढे धरली, मागच्या कितीतरी जणींनीही तेच केलं. त्यांतल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग मी सगळ्यांना आत घेतलं, ज्याच्या त्याच्या आईला त्याच्याशेजारी बसवलं आणि पोरांना सांगितलं, आता हिला विचारा आणि लिहा.

इस्त्रीवालीच्या लेकीने विचारलं, “आई, तुला काय आवडतं?” तिने इतका वेळ लावला की मला वाटलं, पुन्हा रागावली. मग हळूच म्हणाली, “झोप.” लेकीने लिहिलं. “यातलं झोप कुठलं?” आईने विचारलं. लेकीने बोट ठेवलं. आईने पेन्सिल घेतली आणि तो ‘झ’ काढायला बसली. काढला, खोडला, परत काढला, कागदाला भोक पडलं. शेवटी म्हणाली, “एवढी अवघड असते होय. म्हणूनच मिळत नाही.” अख्खी खोली हसली, ती स्वतःही. आणि दुसऱ्या पानावर तिने ‘झ’ काढला, पोट जरा सुटलेला, पण ‘झ’च.

तेव्हापासून आया पोरांबरोबरच येतात, खुर्च्या पुरत नाहीत. उगाच नम्रपणा कशाला, हे सगळं माझ्यामुळे झालं.

तुझी, शिक्षणक्षेत्रात नुकतीच नावारूपाला आलेली,
धाकटी

ता. क. निबंध माझ्याकडून काढून घेतले आहेत. आता गणित दिलं आहे. वजाबाकीत मला हातचा घेता येतो, पुढे त्याचं काय करायचं ते आठवत नाही. तेव्हा मी सांगून टाकलं आहे की जन्मभर शाळेत गणित शिकवलेली माझी ताई सोमवारी इथे राहायला येते आहे. तुझा पलंग खिडकीपाशी लावला आहे.

आणखी एक ता. क. भाऊजींचं कारण सांगू नकोस. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं आहे. मी महिनाभरासाठी विचारलं होतं, ते म्हणाले, दोन महिने ठेवून घेतलीस तरी चालेल.