पडद्यावर दिसलेले हे

तीर्थरूप आई, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.

जिवाला घोर लावून घेऊ नका. ह्यांच्या यकृतातल्या गाठीवरचा इलाज सकाळी सुरू झाला. पोट फाडायचं नाही, मनगटातून बारीक नळी घालून गाठीला जाणारं रक्त बंद करायचं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला न विचारता केली. असा इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचं अधिवेशन याच इस्पितळात भरलं आहे. ह्यांचा इलाज चालू असतानाच तिथे पडद्यावर दाखवू का, असं त्यांनी विचारलं. एवढ्या जाणकारांची नजर राहील म्हणून मी सही दिली.

नर्सबाईंनी मला सभागृहात मागच्या रांगेत बसवलं. पडद्यावर ह्यांच्या शिरा मुळांसारख्या पसरल्या होत्या. शेजारचे डॉक्टर म्हणाले, "वा, सुंदर!" तीस वर्षांत ह्यांना कुणी सुंदर म्हटलं नव्हतं.

मग नळी एका वळणावर अडली. सगळे खुर्चीत पुढे वाकले. मी नामस्मरण धरलं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "वेळ संपली, आता चहा." टाळ्या झाल्या, पडदा बंद.

"अहो, नळी अजून आतच आहे ना?" मी शेजारच्यांना विचारलं.

"होईल हो काकू, चहा घ्या."

आता ह्यांचा इलाज चालला आहे त्या खोलीच्या दाराबाहेर बसून लिहिते आहे. सही माझी, पण आत माझं काही चालत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

खाली दोन ओळींची जागा सोडली आहे. दार उघडलं की त्या लिहीन, मगच पत्र पेटीत टाकीन.

तुमची सून