कर्नलचा पहिला डोस

२ नोव्हेंबर, रविवार
कुत्र्याचं पिल्लू आणलं. वय दोन महिने, नाव कर्नल. मंदाकिनीला स्पष्ट सांगितलं, याचं सगळं मीच करणार, बायकोला त्रास नाही. ती जुनी फडकी काढायला गेली, म्हणजे पटलं. मीनल म्हणे, ‘पापा, आपसे मनीप्लांट नहीं संभलता.’ रायपुरात वाढलेली पोट्टी, मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत.

५ नोव्हेंबर
पार्वो-डिस्टेंपरची लस दिली. कर्नल हूं की चूं नाही. मीच तोंड फिरवलं. डॉक्टर दीदी म्हणाल्या, तीन डोस लागतात, तीन-तीन आठवड्यांनी. तोवर बाहेर जमिनीवर सोडू नका. मान हलवली. डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात. मुख्य काम झालं.

९ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे ट्रेनिंग. आज कंबर धरली. घरभर शू. मंदाकिनी पुसून राहिली. मी देखरेख केली.

१६ नोव्हेंबर, रविवार
कर्नलला तेलीबांधा तलावावर नेलं. मंदाकिनी म्हणे, ‘अहो, डॉक्टरनं मना केलं न?’ म्हटलं, घरात कोंडून कर्नल होत नसते. गेटपर्यंत कडेवर होता. मग हात दुखले. खाली सोडला. जे दिसेल ते हुंगलं, एक-दोन गोष्टी चाटल्या. तब्येत ठणठणीत. डोस लागू पडला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कर्नल जेवला नाही. दोनदा उलटी. थंडी बाधली असेल. ओव्याचं पाणी दिलं, तेही उलटलं. मीनल म्हणे, ‘अभी चलो.’ म्हटलं, सकाळी पाहू. घाबरल्यानं आजार वाढते.

२१ नोव्हेंबर
सकाळी रक्ताची हगवण. उचलला तर ओल्या फडक्यासारखा लोंबला. मीनलनं गाडी काढली, मंदाकिनीनं त्याला शालीत घेतलं. मी मागच्या सीटवर.
पार्वो. डॉक्टर दीदींनी विचारलं, बाहेर सोडला होता का? मंदाकिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हवेतून आलं असेल. त्या शांतपणे म्हणाल्या, एका डोसनं पूर्ण बचाव होत नाही, वाचेल की नाही सांगता येत नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
सलाईन चालू. त्यानं सुई ओढू नये म्हणून पाय धरून बसायचं. माझी पाळी आली. केवढासा पाय. ‘उठ न राजा,’ म्हटलं. डोळे उघडले नाही. पुढचं आठवत नाही. मंदाकिनीनं जागं केलं, घरी पाठवलं. बैठं काम मले मानवत नाही.

२५ नोव्हेंबर
पाणी चाटलं! शेपटी एकदा हलली. मंदाकिनी रडली. माझ्या डोळ्यात सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर गेला. वारा तिकडचाच असावा.

२८ नोव्हेंबर
कर्नल घरी. नुसती हाडं. मंदाकिनीच्या पायाशी झोपते. मी हाक मारली. कमजोरीमुळे ऐकू येत नसावं.

१४ डिसेंबर, रविवार
दुसरा डोस. मी आंघोळ करून, बूट घालून तयार. मंदाकिनी म्हणे, ‘तुम्ही राहू द्या.’ मीनल म्हणे, ‘पापा, आप आराम करो.’ पोरीले बापाची किती काळजी! दोघी गेल्या. बूट काढले नाही, बसून राहिलो.
दुपारी बेल वाजली. दार उघडलं. कर्नल मंदाकिनीच्या कडेवर. मले पाहून भुंकला. जोरात, पहिल्यांदाच.
राखणीले चांगला निघेल.