हेडसेट लावून नागपूरला

१ सप्टेंबर, सकाळी १०
हेडसेट आला. काळा, भारदस्त, तोंडासमोर माइकची दांडी. लावून आरशात पाहिलं. एकतीस वर्षं हीथ्रोवर विमानांच्या पोटात बॅगा भरणाऱ्याचा हा चेहरा नव्हे. हा कॅप्टनचा.

दोन वर्षं वरच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये कॉम्प्युटरवर विमान उडवतोय, पण मुक्यानं. आता ऑनलाइन क्लबात गेलोय. तिथे खरी माणसं कंट्रोलर होऊन हेडसेटमधून सूचना देतात. आपण ती सूचना जशीच्या तशी परत म्हणायची आणि मग पाळायची. शाळेत गुरुजी ओळ सांगायचे, आम्ही म्हणायचो. वेगळं काय आहे?

क्लबाचं लंडन ते नागपूर उड्डाण टप्प्याटप्प्यानं चाललंय. शेवटचा टप्पा १४ ऑक्टोबरला, तारीख मी सुचवलेली. छप्पन साली त्याच दिवशी बाबांनी मला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर नेलं होतं. पाच वर्षांचा होतो. जिकडेतिकडे पांढरे कपडे. त्याहून चांगली सीट पुढे कुठल्याच विमानात मिळाली नाही. ते मैदान एकदा वरून बघायचंय.

त्याआधी ४ ऑक्टोबरला परीक्षा. परीक्षक सारा, क्लबाची मुख्य कंट्रोलर. पास झालो तर नागपूर.

संकल्प: रोज एक तास सराव. चहा कॉकपिटमध्येच.

२ सप्टेंबर
सेटिंग स्वतः केलं. मुलगी रचना रीडिंग शहरात आयटीत आहे. फोनवर म्हणाली, बाबा, काही दाबू नका, मी येऊन बघते. मी एवढंच म्हटलं की ही वायर आहे, बॉम्ब नव्हे.

आवाज कुठे पाठवायचा याची यादी आली. इंजिनासाठी हेडसेट निवडला. रेडिओसाठी यादीत एक लांबलचक नाव होतं, पुढे लिहिलेलं ‘कम्युनिकेशन्स’. आपल्याला तेच तर करायचंय. ऐकायलाही तेच, बोलायलाही तेच. सात मिनिटांत काम फत्ते. इंजिनाचा आवाज उत्तम.

३ सप्टेंबर
सिंधुबाईंना (आमच्या सौभाग्यवती) नवी श्रवणयंत्रं मिळाल्यापासून घरात त्यांचाच थाट. रचनानं ती आमच्याच कॉम्प्युटरला जोडून दिलीत, म्हणजे तिचा व्हिडिओ कॉल थेट आईच्या कानात. यंत्रांत माइकही आहे, त्यामुळे भाजी फोडणीला टाकतानासुद्धा गप्पा. आता क्लिनिकची कोणी बाई घरबसल्या कानात बोलून त्यांचे कान तपासणार आहे म्हणे. माझं तंत्रज्ञान मात्र खेळणं!

५ सप्टेंबर, दुपारी
पहिलं बोलकं उड्डाण. लंडनजवळच्या एल्स्ट्री विमानतळावरून सुटलो. वर गाढ शांतता. कोणी एक शब्द बोलेना. अनुभवी माणसाला उगाच टोकत नसावेत.

बोलताना बटण दाबून धरावं लागतं. त्यानं यमक तुटतं. माइक कायमचा उघडा ठेवला आणि वॉटफर्डवरून जाताना आठवीतली कविता चालीवर अख्खी म्हटली. कोणीही हरकत घेतली नाही.

जेवताना सिंधुबाई खुशीत. क्लिनिकची बाई आज कानात बोलली. आकडे सांगते, परत म्हणायला लावते, बरोबर आलं की ‘करेक्ट’ म्हणते. सगळे करेक्ट आले. मी म्हटलं, छान. लहान मुलांना असंच उत्तेजन देतात.

९ सप्टेंबर
एका सहवैमानिकानं लिहून कळवलं की माझ्या लाइनवर तीनदा शिट्टी ऐकू आली. कवळीचा दोष. यापुढे ‘श’ जपून.
रात्रीचं वरण सुरेख. तीन शिट्ट्यांचं.

१६ सप्टेंबर
सिंधुबाईंनी अचानक दोरीवरचे कपडे काढले. म्हणाल्या, वारा दोनशे चाळीस अंशांवरून आहे, अठरा नॉट्स, पाऊस येतोय. क्लिनिकच्या बाईनं सांगितलं. आता क्लिनिकवाले हवामानही सांगतात! मी आकाशाचा जाणकार या नात्यानं माझे दोन शर्ट बाहेरच ठेवायला लावले.

संध्याकाळी: शर्ट घरात रेडिएटरवर वाळत.

२० सप्टेंबर
रचना आली. हेडसेट बघू म्हणाली. कॉकपिटमध्ये प्रवाशांना प्रवेश नाही, असं सांगून दाराला कडी लावली. ती खाली आईशी खिदळत बसली.

२८ सप्टेंबर
तेवीस तास हवेत झाले. अजून एकही सूचना नाही. साराला माझ्यात काही खटकत नाही असं दिसतं. तरी कधीकधी वाटतं, कोणीतरी बोलावं. वर फार मोकळं असतं.
आज स्वतःच दोन ओळी रचल्या:

मेघांनो, बाजूस व्हा जरा,
भीमराव निघाले घरा.

दोनदा म्हटल्या. तिसऱ्यांदा ‘निघाले’पाशीच थांबलो.

४ ऑक्टोबर, दुपारी ४
परीक्षा झाली. चाळीस मिनिटं. सारा अवाक्षर बोलली नाही. मन म्हणेल तिकडे वळलो. उतरलो एल्स्ट्रीलाच, धावपट्टीच्या थोडं पुढे शेत आहे, त्यात. पण सरळ उभा.

हेडसेट काढला तर खालून सिंधुबाईंचं इंग्रजी. ‘थँक यू डिअर, बाय बाय.’ त्यांचीही आज शेवटची तपासणी होती. मी दोघांसाठी चहा केला. पास झालेल्या माणसाला नम्रता शोभते.

५ ऑक्टोबर, सकाळी
निकाल आला.
रेडिओ: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. क्लबात आजवर एवढे कोणाला नाहीत.
विमान चालवणं: बारा.
खाली साराचा शेरा. मिसेस सिंधु, तुम्ही ‘टर्न राइट’ इतकं गोड म्हणता आणि मग डावीकडे वळता, हे कसं? आणि मेथीचं काहीतरी सांगणार होतात, ते राहिलं.

चार वेळा वाचलं. मग खाली नेऊन दिलं. सिंधुबाईंनी चष्मा लावून वाचलं, खुर्चीत बसल्या.
‘म्हणजे ती क्लिनिकची नव्हती होय?’
शेरा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ‘अहो, पण मग विमान कोण चालवत होतं?’

फोनवर रचना इतकी हसली की तिचा चहा सांडला. यादीतलं ते लांब नाव आईच्या श्रवणयंत्रांचं होतं. म्हणजे माझी आठवीतली कविता, माझे मेघ, सगळं ह्या खोलीतच राहिलं.

नागपूर हुकलं.

७ ऑक्टोबर
खचणार नाही. रेडिओ हेडसेटवर घेतला. सारा दयाळू आहे, एक संधी आणखी दिली. तिचा आवाज पहिल्यांदा कानात आला. फार भरभर बोलते. तीनदा ‘से अगेन’ म्हटलं. चौथ्यांदा लाज वाटली, म्हणून अंदाजानं विमानाच्या उंचीचा एक आकडा ठोकून दिला. तिचा आकडा उंचीचा नव्हताच. हवेच्या दाबाचा होता.

सिंधुबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, ही मुलगी शब्द खाते. त्या म्हणाल्या, मुळीच नाही, अगदी स्वच्छ बोलते. रागावून नव्हे. मग खाली जाऊन डायनिंगची एक खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी मांडली.
‘होतं तसं करा परत ते सेटिंग.’

१४ ऑक्टोबर, दुपारी
नागपूर.

साराची अट: रेडिओ मिसेस सिंधु सांभाळणार. त्या म्हणाल्या, उजवीकडे. मी उजवीकडे. त्या म्हणाल्या, चार हजारावर या. आलो. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात असं घडलेलं नाही, असं त्यांनी मधूनच नोंदवलं. वाटतं, ते साराकडेही गेलं.

शहर आलं तसा मी खाली बघायला वाकलो. विमान कललं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही काट्यावर लक्ष ठेवा. मी बघते.’

मग बघून सांगत राहिल्या. झाडं आहेत. रस्ता आहे. तो बघा पांढरा घुमट, नाही, तुम्ही नका बघू. मी मान सरळ ठेवली. छप्पन सालीही असंच असणार. मी खांद्यावरून काय काय दिसतं ते सांगत होतो, आणि बाबांना फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसत होती.

उतरलो. धावपट्टीवर. संपूर्ण.

क्लबाच्या नोंदीत आलंय: कॅप्टन, मिसेस सिंधु. सोबत एक प्रवासी.

हेडसेट मी शेवटपर्यंत लावला होता. इंजिनाचा आवाज उत्तम येत होता.