पाइपावरची लाल रेघ

परभणी,
२३ जानेवारी १९९४

प्रिय पंडित,

अक्षर ओळखलं असशील. ओळखूनही पत्र बाजूला टाकलं नसशील तर पुढं वाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. नांदेडला जाताना पूर्ण्याच्या फलाटावर गाडी थांबते, स्टेशनासमोरच तुझं दुकान आहे हे मला माहीत आहे, आणि दर वेळी मी खिडकीची झडप खाली ओढून बसलोय. मास्तर माणूस मी, वर्गात पोरांना धिटाईचे धडे देतो, आणि स्वतः झडपेआड! असो. मुद्द्यावर येतो, नाहीतर तू म्हणशील, माणक्याची पाल्हाळ लावायची खोड काही जाईना.

गेल्या मंगळवारी आमच्या शाळेत मास्तरांना कॉम्प्युटर दाखवायचा कार्यक्रम होता. औरंगाबादहून एका कंपनीचा माणूस आला होता, टाय-बीय लावून. त्याच्याजवळ पेटीसारखा उघडणारा, मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर होता. आम्ही चाळीस मास्तर, आणि त्याचा पडदा वहीएवढा, तोही करडा. तिसऱ्या बाकावरून बघावं तर काही म्हणता काही दिसेना. म्हणून त्यानं सोबत मोठा मॉनिटर आणला होता, अगदी टीव्हीसारखा. मागून केबल जोडली की छोट्या पडद्यावरचं चित्र मोठ्यावर यायला पाहिजे होतं. आलं नाही. काळा ठिक्कर पडदा. त्यानं केबल काढली, घातली, मॉनिटरला दोनदा थापट्या मारल्या, घाम पुसला. शेवटी कुणीतरी एका दुकानातून दुरुस्तीवाल्याला बोलवून आणलं, आणि दुरुस्तीवाला म्हणून सायकलवर आली एक मुलगी. वीसएक वर्षांची असेल, खांद्याला कापडी पिशवी.

तिचं काम तू बघायला पाहिजे होतंस रे. आधी दोन्ही बंद केलं. केबलचं तोंड खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या पंधरा पिनांतली एक वाकली होती, ती तिनं रिकाम्या रिफिलच्या नळीनं हळूच सरळ केली. मग म्हणाली, या जातीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, चित्र बाहेर पाठव म्हणून, आणि दोन बटणं एकदम दाबली. चित्र आलं, पण तिरप्या रेघा होऊन खालून वर पळायला लागलं. आतून येतंय तेवढं बारीक चित्र या मॉनिटरला झेपत नाही, जरा मोठं पाठवू, असं तिनं पोरांना समजावून सांगावं तसं आम्हाला सांगितलं आणि काहीतरी बदललं. मग केबलचे स्क्रू आवळायला टेबलामागं जाऊन बसली. तिथून तिला पडदा दिसत नव्हता. मी पहिल्या बाकावर, बरोब्बर समोर. तिनं मागूनच विचारलं, सर, आलं का?

आलं होतं. लख्ख आलं होतं, निळ्यावर पांढरी अक्षरं. आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. ती दुसऱ्यांदा म्हणाली, सर, आलं का, तेव्हा मागून सगळे ओरडले, आलं, आलं! शेजारचे तात्याराव गुरुजी विचारायला लागले, काय हो, बरं वाटंना का?

बरं कसं वाटणार? तुला सगळं ठाऊक आहे, पण आज मला ते माझ्या हातानं लिहिलंच पाहिजे. सत्त्याऐंशी साली आमच्या आबांनी टीव्ही घेतला, गावातला पहिला. परभणीपासून ताडकळसपर्यंत एसटीत ती पेटी तू मांडीवर घेऊन बसलास. पाय बधिर झाले तरी खाली ठेवली नाहीस, दणका बसंल म्हणालास. अँटेना तू बांधलीस, बूस्टर तू लावलास. दर रविवारी सकाळी वाऱ्यानं नाहीतर वानरांनी पाइप फिरवलेला असायचा, पडद्यावर मुंग्याच मुंग्या, की मी पळत तुझ्या घरी. तू माळवदावर, मी खिडकीत. आलं का? न्हाई! आता? जरा जरा! आता? आलं, आलं, धर तसंच! पहिले काही महिने तू हात सोडलास की खरंच चित्र जायचं. मग तू तिथं लोखंडी पट्टी ठोकलीस आणि पाइप तिच्यात आवळायची सोय केलीस. त्यानंतर कुणी धरून उभं राहायची गरजच उरली नाही.

तरी मी ओरडत राहिलो, धर, सोडू नको, जायलंय. कारण तू खाली उतरला असतास तर बैठकीत आला असतास. बैठकीत आबा, मुंजाजीकाका, सगळी भावकी सतरंजीवर बसलेली. तुला कुठं बसवायचं, तुझ्याकडं कोण कसं बघेल, आणि मग मी काय करायचं, हे मला नको होतं. म्हणून तू वर बरा होतास. तुझा चहा मी शिडीच्या शेवटच्या पायरीवरून वर द्यायचो आणि त्याला मी मैत्री समजायचो. लाज वाटते लिहायला. आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं, त्याला आत घेऊ नको म्हणून. सांगितलं असतं तर आज त्यांच्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो. ते बोललेच नाहीत आणि मी विचारलंच नाही.

आणि मग नव्वद सालची चौदा एप्रिल. दिल्लीत बाबासाहेबांना भारतरत्न द्यायचं होतं. तू आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास. इतक्या वर्षांत तू माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतंस. म्हणालास, आईला एकदा बातम्या दाखवायच्यात, जुनी हलती चित्रं दाखवणार म्हणायलेत. सरजामावशीच्या घरातली बाबासाहेबांची तसबीर अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या जाळपोळीत घरासकट गेली, हे गावात कुणाला माहीत नव्हतं? माहीत सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुसरी तसबीर आणली होती. पण त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. फोटोत लय बघितले, एकदा चालताना बघायचेत. मी तुला म्हणालो, आण की, त्यात विचारायचं काय!

संध्याकाळी मावशी आल्या, पांढरं धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर. मी त्यांना ओट्यावर बसवलं. म्हणालो, मावशी, जरा चित्र येऊ द्या, मग आत बोलावतो. तू नेहमीसारखा वर गेलास. पंडित, तू पाइप एकदाच फिरवलास आणि चित्र आलं. पहिल्याच फिरवण्यात. एक मुंगी नाही पडद्यावर. तू वरून विचारलंस, आलं का? मी मागं वळून बघितलं. आबा होते, मुंजाजीकाका होते, आणखी पाच-सहा जण. आणि मी ओरडलो, न्हाई!

ओरडलो आणि आवाजाचं बटण खाली केलं, ओट्यावर ऐकू जाऊ नये म्हणून. एवढी अक्कल मला त्या वेळी बरी सुचली. बातम्या चालू झाल्या. तू विचारत होतास, मी न्हाई म्हणत होतो. समोर चित्र स्वच्छ दिसतंय आणि आबांचा मुलगा न्हाई न्हाई म्हणून ओरडतोय, पण सात-आठ माणसांत एकानंही ब्र काढला नाही. मुंजाजीकाका तर गालातल्या गालात हसले. बातम्या संपल्या, हवामान लागलं, तेव्हा मी ओरडलो, आलं! तू खाली आलास. हाताला गंज लागलेला. तू माझ्याकडं बघितलं नाहीस, आईचा हात धरलास. मावशींनी मलाच विचारलं, लेकरा, तुला तरी दिसले का रे? मी म्हणालो, न्हाई मावशी, नुसत्या मुंग्या होत्या. त्या म्हणाल्या, असू दे, आमच्या पंडितचा हात आज लागला न्हाई.

महिन्याभरात तू गाव सोडून पूर्ण्याला गेलास. मी स्वतःची समजूत घातली की तू धंद्यासाठी गेलास, आणि तुला काही कळलेलंच नाही. तुला वरून पडदा कुठं दिसत होता? पुढं जूनमध्ये वावटळ आली, पाइप फिरला. आता बोलवायचं कुणाला? जन्मात पहिल्यांदा मी स्वतः माळवदावर जाऊन पाइप हातात धरला आणि तिथं मला ती रेघ दिसली. पाइपावर ऑइलपेंटची एक लाल रेघ, खालच्या पट्टीवर दुसरी. मी पाइप फिरवून दोन्ही रेघा एकमेकींसमोर आणल्या आणि खालून माझी बहीण कुसुम ओरडली, आलं! मी तिथंच कट्ट्यावर बसलो. मग मला आठवलं, त्या संध्याकाळी मी न्हाई न्हाई ओरडत होतो, पण चित्र जराही हललं नव्हतं. तू पाइपाला हातच लावत नव्हतास. रेघेला रेघ लावून नुसता उभा होतास आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होतास. किती वेळा विचारलंस ते मी मोजलं नाही, पण दर वेळी मला खरं बोलायला जागा होती.

तर मंगळवारी त्या मुलीनं काम संपवलं, पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि केबलच्या तोंडावर एक लाल रेघ ओढली, कॉम्प्युटरच्या पाठीवर दुसरी. कंपनीवाल्यानं विचारलं, हे कशाला? म्हणाली, आमच्या बाबांची सवय. ते म्हणतात, आपल्याला पडदा दिसत नसला तरी लागलंय का नाही ते आपल्याला कळलं पाहिजे. मी उठून तिच्याजवळ गेलो. नाव विचारलं. विशाखा पंडित, म्हणाली. मी शेवटची बघितली तेव्हा ती फ्रॉकात होती, मामाकडं शिकायला निघालेली. मी नाव सांगितल्यावर खुलली पोरगी. म्हणजे तुम्ही माणिककाका? बाबा तुमचं नाव घेतात की, गावातला पहिला टीव्ही मित्राच्या घरी मी लावला म्हणतात. पंडित, तू तिला शिव्या घालून माझी ओळख सांगितली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

मी चाचरत सरजामावशींची चौकशी केली. तिनं जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. काचबिंदूनं मावशींचे दोन्ही डोळे गेले, वर्ष झालं. आता घरात टीव्ही आहे आणि त्यांना दिसत नाही. या चौदा तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याच्या बातम्या तुम्ही सगळे बघत होतात, तेव्हा त्या तुला म्हणाल्या, डोळे होते तवा तुझा हात लागला न्हाई. विशाखा हसत सांगत होती, आजी अजून बाबांना त्यावरून टोचते, आणि बाबा नुसते हो म्हणतात. चार वर्षं तू हो म्हणतोयस! आपल्या आईला मुद्दाम दाराबाहेर बसवलं होतं हे तिला कळू नये म्हणून तू तुझ्या हाताला बट्टा लावून घेतलास. ते आता पुरे. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायला मी येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय, झडप उघडी ठेवून. दारातून परत पाठवलंस तरी येणार. पण त्याआधी हे पत्र मावशींना मोठ्यानं वाचून दाखव, एक शब्द गाळू नको. मावशी, तुमच्या पंडितचा हात पहिल्याच फेरीला लागला होता. चित्र आलं होतं, मी खोटं बोललो. मी बघितलं ते तुमचं होतं, म्हणून सांगतो. बाबासाहेब चालत होते. अंगात कोट, हातात काठी, पायऱ्या उतरत होते. शेवटच्या पायरीवर जरा थांबले, बाजूच्या माणसाशी काहीतरी बोलले, मग पुढं आले, अगदी पडदाभर झाले. चाल संथ होती, मावशी. पाय जपून टाकत होते, पण मान ताठ होती.

तुझाच, जर तू अजून म्हणू देणार असशील तर,
माणिक